रामशास्त्र्यांचा भाऊ

रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळील माहुलीचे. उशिरा काशीस जाऊन ते शिकले व पेशव्यांचे न्यायाधीश झाले. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा राघोबादादांना त्यांच्या तोंडावर दोषी ठरवून ते पुणे सोडून गेले. पुढे नाना फडणिसांनी त्यांना मानाने परत आणले. हे मुलांनाही ठाऊक असते. मला मात्र त्यांची दुसरी, लहानशी गोष्ट अधिक अवघड वाटते.

श्रावणात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना सरकारी दक्षिणा वाटली जाई. सांगतात की, एकदा शास्त्रीबुवा ती वाटत असता त्यांचा सख्खा भाऊच पुढे आला. शेजारी बसलेल्या नानांनी वीस रुपये द्यावे असे सुचविले. भाऊ काही विद्वान नव्हता. शास्त्रीबुवांनी इतरांप्रमाणे त्याला दोनच रुपये देवविले. भाऊ म्हणून जे द्यायचे ते आपण घरून देऊ, असे नानांना सांगितले. नानांचा शब्द मोडणे सोपे नव्हते, आणि घरी भावाला तोंड द्यायचे होतेच.

शास्त्रीबुवा १७८९ साली वारले. त्याच वर्षी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झालेल्या वॉशिंग्टन यांच्याकडे पुतण्याने सरकारी वकिलाची जागा मागितली. त्याच्याहून जुने वकील असताना ती देता येत नाही, असे चुलत्याने त्याला कळविले.