बंदिनींची कैवारी

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील तुरुंग म्हणजे प्रत्यक्ष नरकवासच होता. अपराध्याला शिक्षा दिली, की राजसत्तेचे कर्तव्य संपे. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नसे. ती चौकशी जिने आयुष्यभर केली, त्या थोर स्त्रीचे नाव एलिझाबेथ फ्राय.

एलिझाबेथचा जन्म २१ मे १७८० रोजी नॉर्विच येथे एका सधन क्वेकर कुटुंबात झाला. साधी राहणी व दयाधर्म यांवर भर देणारा क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ होय. बारा वर्षांची असतानाच तिचे मातृछत्र हरपले. इ. स. १८०० मध्ये जोसेफ फ्राय यांच्याशी विवाह होऊन ती लंडनला आली. पुढे तिला अकरा अपत्ये झाली.

इ. स. १८१३ मध्ये फ्रायबाई लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेल्या. तेथे सुमारे तीनशे स्त्रिया मुलाबाळांसह अपुऱ्या जागेत कोंडलेल्या होत्या. तेथेच त्या अन्न शिजवीत आणि पेंढ्यावर निजत. थंडीने कुडकुडणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी बाईंनी उबदार कपडे नेले. पुढे त्यांनी तुरुंगातच मुलांची शाळा काढली. शिक्षिका म्हणून बंदिनींनी आपल्यातीलच एकीची निवड केली. १८१७ साली बाईंनी मैत्रिणींचे एक मंडळ स्थापन केले व बंदिनींना शिवणकाम शिकविण्यास आरंभ केला. हा प्रयत्न फसणार, असे अधिकाऱ्यांना वाटत होते. परंतु बाईंनी प्रत्येक नियमाला बंदिनींची संमती घेतली होती. त्यामुळे ते नियम त्यांनी आपलेच मानून पाळले.

तथापि, तुरुंगाचे दार उघडले तरी समाजाचे दार बंदच राही. सुटून आलेल्या स्त्रीला ना कोणी काम देई, ना निवारा. मग भुकेपोटी तिची पावले पुन्हा चोरीकडे वळत. हे ओळखून बाईंच्या प्रेरणेने लंडनमधील टॉथिल फील्ड्स येथे अशा स्त्रियांसाठी आश्रयगृह निघाले.

त्या काळी अनेक बंदिनींना जहाजाने दूर ऑस्ट्रेलियात धाडीत. बाईंचे मंडळ प्रत्येकीला सुया, दोरा व कापडाचे तुकडे असलेली पिशवी देई. कित्येक महिन्यांच्या प्रवासात ते तुकडे जोडून त्या गोधड्या शिवीत. परक्या भूमीवर उतरताना त्या विकून चार पैसे गाठीला बांधता येत. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजावरील बंदिनींनी २,८१५ तुकडे जोडून शिवलेली चादर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात जतन केलेली आहे.

इ. स. १८२८ मध्ये पतीची पेढी बुडाली. ऐश्वर्य गेले, लोकनिंदाही वाट्याला आली. परंतु बाईंनी हाती घेतलेले कार्य सोडले नाही. १२ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे स्मारक कसे असावे, हे ठरविण्यासाठी पुढील वर्षी लंडनच्या महापौरांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. १८४९ साली ते स्मारक हॅक्नी येथे उभे राहिले. ते एक घर होते. तुरुंगातून सुटलेल्या निराधार स्त्रियांना तेथे आसरा मिळे.