सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीतील शाळेचे एक मुख्याध्यापक

धरमतरच्या खाडीकाठच्या गावांतून, तसेच पेण व रोहे ह्या दोन्ही तालुक्यांतून, लष्करात भरती होऊ इच्छिणारे आपले तरुण आम्हांस वारंवार एकच प्रश्न विचारतात : शिपाई होण्यास शिक्षण किती लागते? ह्याचे उत्तर आम्ही लेखाच्या शेवटी देणारच आहोत. तत्पूर्वी एका अशा पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते, की ज्याच्या काळी गावच्या शाळेत न मिळणारे अक्षर आपल्या माणसास पलटणीत मिळत असे. ते पुरुष म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे होत.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांचे वडील मालोजी हेही लष्करात होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांचा भरणा मोठा असे. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे तेथील जयस्तंभावर कोरलेली आहेत. ह्या फौजेत एक मोलाची प्रथा होती. शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना लिहिणे-वाचणे शिकविण्यासाठी पलटणीत शाळा चालत, आणि त्या शाळांत शिकणे सक्तीचे असे. गावच्या शाळेची पायरीही ज्यांस वर्ज्य होती, त्यांची लेकरे छावणीत पाटी घेऊन बसत.

अशा शाळांसाठी शिक्षक तयार करणारी एक लष्करी अध्यापनशाळा पुण्यास होती. रामजींनी तेथे शिक्षण घेतले आणि पुढे सुमारे 14 वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. सुभेदारीपर्यंतची त्यांची चढती झाली, तरी आमच्या मते त्यांचा खरा अधिकार शाळामास्तराचाच होता. मुरबाडच्या लष्करी घराण्यातील भीमाबाई ह्या त्यांच्या पत्नी. घर कबीरपंथी असून नित्य भजन व ग्रंथवाचन चाले. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील छावणीत ह्या दांपत्याचे चौदावे अपत्य जन्मास आले. तेच आपले भीमराव.

मात्र त्याच सुमारास आपल्या समाजावर एक मोठा आघात झाला. काही जाती लढवय्या आणि बाकीच्या तशा नव्हेत, असे मत इंग्रज सेनाधिकाऱ्यांत बळावले, आणि 1892–93 च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या पलटणीत गेल्या होत्या, त्यांस लढण्यास नालायक ठरविण्यात आले. पोटाचे साधन गेले हे तर उघडच; परंतु त्याहूनही मोठे नुकसान हे की पलटणीबरोबर पलटणीची शाळाही गेली. ह्या बंदीविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये सरकारकडे जाण्यासाठी अर्ज तयार केला. रामजींनीही ह्या कामी न्यायमूर्ती रानडे ह्यांचे साहाय्य मागितले होते. त्या वेळी यश आले नाही.

निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीस व पुढे साताऱ्यास राहिले. साताऱ्यास भीमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत आले. घर एका खोलीचे, मिळकत पेन्शनीची. पण मास्तरांची शाळा सुटली नव्हती. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके व तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घोकून घेतली. परीक्षेच्या दिवसांत पहाटे दोन वाजता ते स्वतः उठून मुलास अभ्यासास जागे करीत. पुस्तकांस पैसे नसले म्हणजे मुलीच्या अंगावरचा दागिना उसना घेऊन गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून आणीत. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. जानेवारी 1913 मध्ये पदवीधर भीमराव बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होतात न होतात तोच वडिलांच्या आजाराची तार आली. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजींनी देह ठेवला.

रामजींनी पाहिलेला अन्याय पुत्राने विसरू दिला नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लष्करबंदीने समाजाची कशी हानी झाली हे विशद केले. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून महाडास जाताना धरमतरचा मार्ग सोयीचा होता. येथे उतरून पुढे मोटारीने जावयाचे. परंतु मोटारवाले ऐन वेळी नकार देतील ह्या भीतीने तो सोडावा लागला, आणि मंडळी पद्मावती बोटीने दासगाव बंदरास गेली. आपल्या खाडीच्या धक्क्याशी निगडित असलेली ही आठवण प्रत्येक घरी सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, पण 1921 मध्ये ती मोडण्यात आली. पुढे बाबासाहेब 1941 मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण स्थापन झाली. रामजींच्या काळी बंद झालेले दार जवळजवळ पन्नास वर्षांनी असे उघडले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 2022 पासून शिपाई-भरती अग्निवीर योजनेने होते. सामान्य शिपायास दहावीत एकूण 45 टक्के व प्रत्येक विषयात 33 टक्के गुण लागतात. कारागीर वर्गातील काही थोड्या जागा आठवी उत्तीर्णांस असतात. तांत्रिक शाखेस विज्ञान घेऊन बारावी व लिपिकास बारावी लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेस बारावी चालते, आणि 2022 पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळतो. आता लेखी परीक्षा आधी व धावणे नंतर असा क्रम आहे. अटी बदलत असल्याने चालू जाहिरात अवश्य वाचावी.

पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी आपली मुले पाहून आम्हांस अभिमान वाटतो. परंतु रामजींच्या काळी पलटण अडाण्यास घेऊन शहाणे करी. आज ती शिकलेल्यासच आत घेते. पलटणीतील ती शाळा आता आपल्या घरात भरली पाहिजे. पालकांनी पहाटे मुलास धावण्यास उठवावे, आणि सुभेदार रामजींप्रमाणे अभ्यासासही उठवावे, एवढीच आमची विनंती आहे.