धन्य कार्ल : निष्ठावान पती, प्रेमळ पिता आणि शांतिप्रिय सैनिक

संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी साजरा केला जातो, कारण तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस मानला जातो. ऑस्ट्रियाचे अखेरचे सम्राट धन्य कार्ल यांचा सण मात्र २१ ऑक्टोबर रोजी येतो, आणि तो त्यांच्या विवाहाचा दिवस आहे. पवित्र ख्रिस्तसभेने हा दिवस निवडला यातच त्यांच्या जीवनाचे सार आले आहे.

कार्ल यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८७ रोजी ऑस्ट्रियातील पर्सेनबॉयग येथे हाब्सबुर्ग राजघराण्यात झाला. आई मारिया जोसेफा हिने त्यांच्या मनात लहानपणीच प्रार्थनेची गोडी रुजविली. पवित्र साक्रामेंत आणि येशूचे पवित्र हृदय यांची भक्ती त्यांनी जन्मभर जपली. घराण्याच्या रीतीप्रमाणे ते तरुण वयातच सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले.

२१ ऑक्टोबर १९११ रोजी श्वार्झाऊ येथे त्यांचा विवाह बोर्बोन-पार्मा घराण्यातील राजकन्या झिटा हिच्याशी झाला. विवाहापूर्वी दोघांनी मारियाझेल येथील पवित्र मरियेच्या तीर्थक्षेत्री जाऊन आपला संसार मातेच्या चरणी वाहिला. लग्नाच्या अंगठीवर कार्ल यांनी मरियामातेच्या आश्रयाची प्राचीन लॅटिन प्रार्थना कोरून घेतली होती. आता स्वर्गात पोहोचण्यासाठी आपण दोघांनी एकमेकांना साहाय्य करावयाचे आहे, असे त्यांनी विवाहानंतर पत्नीला सांगितल्याचे नमूद आहे. पुढे देवाने त्यांच्या पदरी आठ अपत्ये घातली.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली आणि कार्ल राजसिंहासनाचे वारस बनले. लगेचच पहिले महायुद्ध पेटले. १९१६ साली त्यांनी टायरॉलच्या डोंगराळ आघाडीवर इटलीविरुद्ध सैन्यदलाचे नेतृत्व केले व त्यानंतर पूर्व आघाडी सांभाळली. खंदकांतील मरण त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणूनच २१ नोव्हेंबर १९१६ रोजी वृद्ध सम्राट फ्रान्झ जोसेफ यांचे निधन होऊन राज्याची धुरा त्यांच्यावर आली, तेव्हा युद्ध थांबविणे हेच त्यांनी आपले पहिले कर्तव्य मानले. त्यांचे वय त्या वेळी अवघे २९ वर्षांचे होते.

सैनिकाला बांधून ठेवण्याची क्रूर शिक्षा त्यांनी १९१७ साली बंद केली व द्वंद्वयुद्धालाही मनाई केली. समाजकल्याणाचे स्वतंत्र मंत्रालय त्यांनी स्थापन केले. प्रजा उपाशी असताना राजवाड्यातही शिधापत्रिकेप्रमाणेच जेवण असावे, असा त्यांचा आग्रह होता. व्हिएन्नातील घरोघरी कोळसा पोहोचविण्यासाठी राजघराण्याच्या घोडागाड्या देण्यात आल्या.

१९१७ साली राणी झिटाचे बंधू सिक्स्टस यांच्यामार्फत त्यांनी फ्रान्सशी गुप्तपणे शांततेची बोलणी आरंभिली. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या शांतिप्रयत्नांनाही त्यांनी साथ दिली. परंतु मित्रराष्ट्र जर्मनी युद्ध थांबविण्यास राजी नव्हते, तर इटलीला भूप्रदेश हवा होता. एप्रिल १९१८ मध्ये फ्रान्सने ते पत्र उघड केले, तेव्हा दडपणाखाली कार्ल यांनी त्यातील मजकूर नाकारला आणि दोन्ही पक्षांचा विश्वास गमावला. ऑक्टोबर १९१७ मध्ये इटलीच्या आघाडीवर झालेल्या विषारी वायूच्या वापराबद्दलही सरसेनापती या नात्याने त्यांच्यावर टीका होते. त्यांच्या जीवनाकडे पाहताना या गोष्टी लपविण्याचे कारण नाही. धन्य म्हणून गौरविलेली माणसेही याच कठीण जगात, अपुऱ्या सामर्थ्यानिशी निर्णय घेत असतात.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी त्यांनी राज्यकारभारातून अंग काढून घेतले; मात्र राजपद देवाने सोपविलेली जबाबदारी आहे, या श्रद्धेने त्यांनी सिंहासनत्याग केला नाही. मार्च १९१९ मध्ये हे कुटुंब स्वित्झर्लंडला गेले. १९२१ साली हंगेरीत परतण्याचे दोन प्रयत्न फसले. दुसऱ्या प्रयत्नात बुडापेस्टजवळ चकमक उडाली, तेव्हा रक्तपात वाढू नये म्हणून त्यांनी माघार घेतली. त्यानंतर त्यांना पोर्तुगालच्या मदेरा बेटावर फुंशाल येथे हद्दपार करण्यात आले. फुंशालशी आपलेही एक जुने नाते आहे. १५१४ साली स्थापन झालेल्या या धर्मप्रांताच्या अधिकाराखाली एके काळी गोवाही होता, आणि १५३४ साली गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

तेथे पैसा संपत आला. फेब्रुवारी १९२२ मध्ये कुटुंबाला डोंगरावरील माँटे येथील धुक्याने ओलसर असलेल्या घरात राहावे लागले. मार्चमध्ये एका मुलाच्या चौथ्या वाढदिवसासाठी भेटवस्तू आणावी म्हणून कार्ल पायी शहरात उतरले आणि परतताना त्यांना थंडी बाधली. तिचे रूपांतर न्यूमोनियात झाले. आजारपणात त्यांनी आपल्याविरुद्ध वागलेल्या सर्वांना क्षमा केली. ख्रिस्ती मनुष्य मरणाला कसा सामोरा जातो हे थोरल्या मुलाने पाहावे, म्हणून नऊ वर्षांच्या ओटोला खाटेजवळ बोलाविण्यात आले. १ एप्रिल १९२२ रोजी, पवित्र साक्रामेंताच्या सान्निध्यात आणि पत्नीच्या सोबतीत, वयाच्या ३४ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

त्यांचे आठवे अपत्य एलिझाबेथ पित्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी जन्मले. झिटा यांनी पुढील ६७ वर्षे वैधव्याची काळी वस्त्रे परिधान केली, मुलांना श्रद्धेत वाढविले आणि १४ मार्च १९८९ रोजी त्या प्रभुचरणी विलीन झाल्या. त्यांच्याही धन्यपदाच्या प्रक्रियेस २००९ साली आरंभ झाला.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३ ऑक्टोबर २००४ रोजी रोम येथे कार्ल यांना धन्य घोषित केले. त्यांची कबर आजही माँटे येथील मरियामातेच्या चर्चमध्ये आहे.

जगाच्या हिशेबात कार्ल यांनी सर्व काही गमावले. राज्य गेले, संपत्ती गेली, शांततेचा प्रयत्नही विफल ठरला. परंतु वेदीसमोर पत्नीला दिलेले वचन त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत पाळले. नोकरीधंद्यासाठी घरापासून दूर राहणारे पिते, सीमेवर पहारा देणारे जवान आणि संसाराचे ओझे वाहणारी दाम्पत्ये यांनी हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा. येत्या २१ ऑक्टोबर रोजी आपण आपल्या धर्मग्रामातील सर्व विवाहित जोडप्यांसाठी आणि जगातील शांततेसाठी धन्य कार्ल यांच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या.