खरखरीशी भांडलेला माणूस : पॉल गॅल्विन

मागच्या सुट्टीत काकांच्या गाडीतला जुना रेडिओ उघडला. व्हॉल्यूम फिरवला की खर्र... खर्र! बिघाड साधाच निघाला. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली होती. क्लीनर मारला, नॉब वीसेक वेळा मागे-पुढे फिरवला आणि आवाज स्वच्छ! पण याहून कितीतरी हट्टी खरखरीशी भांडून ज्याने गाडीत रेडिओ आणला, त्या पॉल गॅल्विनची ही गोष्ट.

गॅल्विनचा जन्म १८९५ चा, गाव हार्वर्ड. विद्यापीठवालं हार्वर्ड नव्हे हं, इलिनॉय राज्यातलं एक छोटं गाव! लहानपणी तो रेल्वे स्टेशनवर पॉपकॉर्न विकायचा. कॉलेजात गेला, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. पहिल्या महायुद्धात लढून आला. मग मित्राबरोबर बॅटरीचा कारखाना काढला. तो १९२३ मध्ये बुडाला. पुन्हा शिकागोत प्रयत्न केला. १९२८ मध्ये तोही बुडाला! लिलावात आपल्याच धंद्याचा एक भाग त्याने ७५० डॉलरला विकत घेतला आणि भाऊ जोसेफसह पाच कामगारांवर नवी कंपनी सुरू केली.

पुढच्याच वर्षी मंदी आली. आता काय? गाडीत बसेल असा स्वस्त रेडिओ बनवायचा! बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे तरुण मदतीला होते. अडचण मोठी होती. इंजिनच्या स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा ट्रान्समीटरच. त्यामुळे व्हॉल्यूम वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढायची. म्हणजे रोग रेडिओत नव्हता, इंजिनात होता. उपायही तिथेच करावा लागे : प्लगच्या वायरींना रेझिस्टर, जनरेटरला कपॅसिटर, आणि वायरींवर शील्ड.

जून १९३० मध्ये गॅल्विन आपली स्टुडबेकर गाडी घेऊन थेट अटलांटिक सिटीच्या रेडिओ प्रदर्शनाला गेला. स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. त्याने गाडी बाहेरच उभी केली, रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला. ऑर्डरी मिळाल्या! मोटारीतला रेडिओ म्हणून नाव ठेवलं ‘मोटोरोला’. पुढे १९४७ मध्ये तेच कंपनीचं नाव झालं.

दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीचे वॉकी-टॉकी सैनिकांच्या पाठीवर होते. गॅल्विन १९५९ मध्ये गेला. १९६९ मध्ये चंद्रावरून माणसाचा आवाज पृथ्वीवर आला तो मोटोरोलाच्याच उपकरणातून, पण तो ऐकायला गॅल्विन नव्हता.

एखादी केटी लागली की आपण आठवडाभर तोंड पाडून बसतो. याचे तर दोन कारखाने बुडाले! म्हणून खरखर ऐकू आली की लगेच रेडिओ बंद करू नका. आधी ती नेमकी कुठून येतेय, ते शोधा.