पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५) हे भारतीय क्रिकेटपटू होते. डावखुरी संथ गोलंदाजी हे त्यांचे अस्त्र. धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीला लागले. वेतन दरमहा ४ रुपये. तेथे ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची कला घडली. पुढे हिंदू संघाने त्यांना खेळवले, मात्र चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. त्यांच्या हातचा चेंडू तेवढा विटाळत नसे.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात ते होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत झालेल्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र बाळूंना कधीच लाभले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. १९३७ मध्ये काँग्रेसने माझगावलगतच्या भायखळा-परळ मतदारसंघात त्यांना उभे केले ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.