मनोरमेची आई

पंडिता रमाबाई म्हटल्या की कलकत्त्याच्या सभा जिंकणारी विदुषी आठवते, धर्मांतराचा वाद आठवतो, शारदा सदन आठवते. शाळेच्या पुस्तकात मीही एवढेच वाचले होते. यंदा त्यांचे चरित्र मिळवून वाचले, तेव्हा एक गोष्ट मनात घर करून राहिली. या बाईंच्या आयुष्यातल्या मोठ्या प्रवासांत कुठे ना कुठे एक लहान मूल आहे.

पहिले मूल त्या स्वतःच. 1858 साली गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. सहा महिन्यांच्या असतानाच आईवडिलांनी घर सोडले, आणि रमाबाई वेताच्या पेटाऱ्यात बसून डोंगर उतरल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. त्याच आईने पुढे तीर्थयात्रेच्या वाटेवर लेकीला शिकवले. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊही गेला. 1880 साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर विवाह केला. सिल्चरला संसार मांडला. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा जन्मली. त्या तिघांचे घर वर्षभरही टिकले नाही. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. मूल तेव्हा दहा महिन्यांचे होते.

माहेर नाही, सासरचा आधार नाही, पदरात तान्ही मुलगी! त्या काळच्या विधवेने यापुढे काय करावे हे समाजाने आधीच ठरवून ठेवले होते. रमाबाई मात्र लेकीला घेऊन पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या पैशातून 1883 साली बोटीचे भाडे भरले. मनोरमा तेव्हा नुकती दोन वर्षांची झाली होती. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन साता समुद्रापलीकडे शिकायला जायचे, हे धाडस केवढे!

इंग्लंडात वाँटेजच्या मठात त्या उतरल्या. डॉक्टर व्हायचे होते, पण कानांनी साथ दिली नाही. तेथेच दोघी मायलेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकू आणि शिकवू लागल्या. मनोरमेला कोणता धर्मविचार शिकवावा यावरून मठातील भगिनींशी त्यांचे खटके उडाले. जे मला स्वतःला पटलेले नाही ते माझ्या मुलीला शिकवू नये, हा त्यांचा आग्रह होता. परक्या देशात ज्यांच्या आश्रयाला होतो, त्यांच्यासमोरही त्यांनी आईचा अधिकार सोडला नाही.

1886 मध्ये मायलेकी अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर होणार होत्या, तो समारंभ पाहण्यासाठी. आनंदीबाईंचे पहिले बाळ दहाच दिवस जगले होते, आणि त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या होत्या. 11 मार्चच्या त्या दिवशी एक आई पदवी घेत होती आणि दुसरी आई ते पाहत होती. मला तर हा आपल्या इतिहासातला फार मोठा दिवस वाटतो.

पुढचे पान वाचताना मात्र मी थबकले. रमाबाईंनी मनोरमेला पुन्हा वाँटेजला पाठवले आणि आपण अमेरिकाभर व्याख्याने देत फिरल्या. हिंदुस्थानातील बालविधवांच्या शाळेसाठी त्यांना पैसा उभा करायचा होता. दुसऱ्यांच्या लेकींसाठी स्वतःची लेक दूर ठेवावी लागली. पाच वर्षांच्या मुलीला ते काय कळले असेल? थोर व्यक्तींच्या चरित्रात असा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. मला वाटते तो मांडावा. त्याने रमाबाईंचे मोठेपण कमी होत नाही, त्या मोठेपणाची किंमत मात्र कळते.

1889 साली त्या जपानमार्गे परतल्या आणि 11 मार्चलाच मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. मनोरमाही शिकली, मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली आणि आईच्या कामात उजवा हात ठरली. पण जुलै 1921 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ती आईआधी गेली. नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही डोळे मिटले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. माझी ताई माझ्यापेक्षा हुशार होती. दहावीनंतर लग्न झाले, वर्षात मूल झाले, आणि आता कसले शिक्षण, असे सगळेच म्हणाले. कोणी वाईट मनाने म्हणाले नाही. पण रमाबाईंचे चरित्र वाचल्यावर ते वाक्य मला पटेनासे झाले आहे. आपल्या वर्गातून लग्नामुळे, बाळंतपणामुळे गळालेल्या मैत्रिणी प्रत्येकीला आठवत असतील. त्यांच्या घरी एकदा जाऊन या. बाळाला जरा वेळ मांडीवर घ्या आणि बहिःस्थ परीक्षेचा फॉर्म तिच्या हातात द्या.