विश्वकिरणांचे उपासक डॉ. होमी भाभा

बेळगाव-निपाणीहून उच्च शिक्षणासाठी परमुलखात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी डॉ. होमी भाभांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. यंत्रशास्त्रासाठी ते केंब्रिजला गेले. परंतु त्यांचे मन पदार्थविज्ञानात रमले. एका गॅमा किरणापासून कणांचा वर्षाव कसा होतो, हे त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये उलगडले. १९३९ मध्ये ते सुटीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व परतीची वाट खुंटली. खेद न करता त्यांनी बंगळूर येथे विश्वकिरणांचे संशोधन आरंभिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. युद्ध संपले, तरी ते येथेच राहिले.

२४ जानेवारी १९६६ रोजी विमान-अपघातात त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी दूरच्या अवकाशातील गॅमा किरणांचा पहिला स्फोट टिपला. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडविते. म्हणून त्यांचा वेध मुख्यतः उपग्रहांवरून घ्यावा लागतो. २०१५ मध्ये भारताने अ‍ॅस्ट्रोसॅट ही अवकाश-वेधशाळा सोडली. तिच्यावरील ज्या उपकरणाने असे शेकडो स्फोट टिपले, त्याच्या उभारणीचे नेतृत्व भाभांच्याच संस्थेने केले.

ते फळ पाहण्यास भाभा उरले नव्हते. रोप मात्र त्यांनीच लाविले होते.